खोडदची दुर्बीण आणि संगणकाची डागडुजी : युनिक्सवंशीय प्रणालींच्या सुरक्षा-अद्ययावतीकरणाचा इतिहास, जुन्नर-आंबेगाव परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेस वसलेले जुन्नर व आंबेगाव हे तालुके इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहेत ते नाणेघाटातील सातवाहनकालीन शिलालेख, डोंगरांत कोरलेली लेणी आणि शिवनेरी यांमुळे. या परिसराचा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील इतिहास मात्र तुलनेने दुर्लक्षित राहिला आहे. १९७१ मध्ये नारायणगावजवळच्या आर्वी येथे विक्रम उपग्रह भू-केंद्र सुरू झाले आणि भारताचा उपग्रहामार्फत परदेशांशी होणारा दूरसंचार जुन्नर तालुक्यातून होऊ लागला. त्यानंतर दोन-अडीच दशकांनी नारायणगावच्या पूर्वेस खोडदच्या माळरानावर जगातील एक मोठी रेडिओ दुर्बीण उभी राहिली. जीएमआरटी या संक्षिप्त नावाने ती ओळखली जाते.

प्रस्तुत लेखात या दुर्बिणीच्या खगोलशास्त्रीय कामगिरीचा आढावा घेतलेला नाही. तिच्यासारख्या यंत्रणांमागे अहोरात्र चालणाऱ्या संगणकांवरील युनिक्सवंशीय कार्यकारी प्रणाली आणि त्या प्रणालींची वेळोवेळी करावी लागणारी सुरक्षाविषयक दुरुस्ती हा लेखाचा विषय आहे. विषय वरकरणी केवळ तांत्रिक भासतो. तथापि त्याला सुमारे चार दशकांचा इतिहास आहे आणि त्या इतिहासात एक प्रश्न पुनःपुन्हा उपस्थित झालेला दिसतो : जे यंत्र सुरळीत चालले आहे त्याला हात लावावा की लावू नये? महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेपासून वेधशाळेपर्यंत सर्वत्र हा प्रश्न रोजच्या व्यवहाराचा झालेला आहे.

खोडद येथील वेधशाळा

टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने ही दुर्बीण उभारली. केंद्राचे मुख्यालय पुणे विद्यापीठाच्या आवारात आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यास तिची कल्पना मांडली आणि १९९० च्या दशकात बांधकाम पूर्णत्वास गेले. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, त्यांपैकी १४ मध्यवर्ती चौरसात व १६ इंग्रजी वाय अक्षराच्या आकारातील तीन भुजांवर, अशी तिची रचना असून तिचा विस्तार सुमारे २५ किलोमीटर आहे. ताणलेल्या तारांवर बसवलेली पोलादी जाळी हे या अँटेनांचे वैशिष्ट्य होय. त्यामुळे वजन व खर्च दोन्ही आटोक्यात राहिले. २००१ मध्ये रतन टाटा यांच्या हस्ते ही दुर्बीण राष्ट्राला अर्पण करण्यात आली आणि पुढील वर्षारंभापासून जगभरातील खगोलशास्त्रज्ञांना ती वापरासाठी खुली झाली.

या जागेची निवड होण्यामागे एक कारण असे की, सभोवतालच्या डोंगरांमुळे येथे मानवनिर्मित रेडिओ लहरींचा उपद्रव कमी होता. तेव्हा डोंगरांनी जे संरक्षण दिले ते हवेतून येणाऱ्या उपद्रवापासून होते. तारेतून, म्हणजे जाळ्यातून येणारा उपद्रव हा पुढच्या काळाचा प्रश्न ठरला. त्याच्या आड कोणताही डोंगर येत नाही.

रेडिओ दुर्बीण ही मुळात संगणकांची दुर्बीण आहे, हे येथे लक्षात घेणे आवश्यक ठरते. तीस अँटेनांचे संकेत प्रकाशीय तंतूंवाटे मध्यवर्ती इमारतीत येतात, तेथे त्यांचा परस्परसंबंध काढला जातो आणि त्यातून निघालेल्या आकड्यांपासून पुढे प्रतिमा तयार होते. सुरुवातीच्या काळात परस्परसंबंध काढण्याचे काम खास घडवलेल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेकडे होते. २०१० च्या सुमारास ते बाजारात सहज मिळणाऱ्या संगणकांच्या लिनक्स समूहाकडे आले. जीएसबी या नावाने परिचित असलेली ही यंत्रणा केंद्रातील संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांसह विकसित केली होती. त्यानंतर दुर्बिणीचे अद्ययावतीकरण होऊन ४०० मेगाहर्ट्झपर्यंतची पट्टरुंदी हाताळणारी नवी यंत्रणा आली. तीत ग्राफिक्स प्रक्रियकांचा मोठा वाटा आहे. खास घडवलेल्या यंत्राची जागा सर्वसामान्य संगणकाने घेतली तेव्हा खर्च घटला व लवचीकता वाढली, हे खरे. मात्र सर्वसामान्य संगणकाच्या सर्वसामान्य व्याधीही त्याबरोबर वेधशाळेच्या दारात येऊन उभ्या राहतात, याकडे त्या काळातील उत्साहाच्या लेखनात फारसे लक्ष दिलेले आढळत नाही.

‘ठिगळ’ या शब्दाची जन्मकथा

सुरक्षा-दुरुस्तीला इंग्रजीत ‘पॅच’, म्हणजे ठिगळ, म्हणतात. हा शब्द रूपकात्मक नाही. कार्यक्रम जेव्हा कागदी फितीवर छिद्रे पाडून लिहिले जात, तेव्हा चुकलेला भाग कापून तेथे अक्षरशः कागदाचा तुकडा चिकटवला जाई. १९८५ मध्ये लॅरी वॉल यांनी ‘पॅच’ याच नावाचा छोटा कार्यक्रम युनिक्सवर आणला. संपूर्ण कार्यक्रम पुन्हा पाठवण्याऐवजी केवळ बदललेल्या ओळी पाठवाव्यात आणि त्या मूळ मजकुरात आपोआप बसाव्यात, ही त्यामागील कल्पना. मंद व महाग जोडण्यांच्या काळात तिचे मोल मोठे होते. भारतात १९८६ च्या सुमारास एर्नेट प्रकल्प सुरू झाला व मुंबईतील एनसीएसटी या संस्थेतून युनिक्स यंत्रांमध्ये दूरध्वनीच्या तारेवरून पत्रव्यवहार होऊ लागला. त्या काळात दुरुस्तीचा प्रवासही याच अरुंद वाटेने होत असे.

सुरक्षेचा प्रश्न जगासमोर प्रथम ठळकपणे आणणारी व्यक्ती खगोलशास्त्रज्ञ होती, हा योगायोग नोंद घेण्यासारखा आहे. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत १९८६ मध्ये क्लिफर्ड स्टॉल संगणकांची देखभाल करीत होते. संगणकवापराच्या हिशेबात ७५ सेंटची तफावत आढळली आणि तिचा माग काढता काढता ते पश्चिम जर्मनीतील हानोव्हर येथील एका घुसखोरापर्यंत पोहोचले. घुसखोराने ईमॅक्स या संपादकाच्या टपाल हलवणाऱ्या छोट्या साहाय्यक कार्यक्रमातील उणिवेचा लाभ घेऊन सर्वाधिकार मिळवले होते आणि त्या यंत्रावरून तो अमेरिकी लष्कराच्या संगणकांकडे वळला होता. प्रयोगशाळेत चोरण्याजोगे गुपित नव्हते. तिचे महत्त्व घुसखोराला होते ते पायरी म्हणून. आपल्याकडे चोरण्यासारखे आहेच काय, हा युक्तिवाद महाविद्यालयीन वर्तुळात आजही ऐकू येतो. त्याचे उत्तर १९८६ मध्येच मिळालेले आहे.

दोन वर्षांनी, २ नोव्हेंबर १९८८ रोजी, रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला ‘कृमी’ बर्कले युनिक्सच्या व्हॅक्स व सन यंत्रांवर पसरला. सुमारे ६,००० यंत्रे बाधित झाल्याचा तत्कालीन अंदाज होता. सेंडमेल व फिंगर या दोन सेवांमधील उणिवा आणि सहज ओळखता येणारे परवलीचे शब्द हे त्याचे मार्ग होते. बर्कलेतील अभ्यासकांनी अल्पावधीत दुरुस्ती तयार केली. पण अनेक संस्थांनी भीतीपोटी आपली यंत्रे जाळ्यापासून तोडली होती आणि दुरुस्ती त्याच जाळ्यावरून यायची असल्यामुळे ती त्यांच्यापर्यंत पोहोचू शकली नाही. तुटलेले यंत्र संसर्गापासून वाचते, परंतु उपचारापासूनही वंचित राहते. ग्रामीण भागातील संगणकांच्या संदर्भात हा पेच पुढे वेगळ्या स्वरूपात दिसून येतो. या घटनेनंतर अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात आणीबाणी-प्रतिसाद केंद्र स्थापन झाले व उणिवेची सूचना जाहीरपणे प्रसिद्ध करण्याचा प्रघात पडला.

मुंबई, १९९८

महाराष्ट्रातील संशोधन संस्थांना हा प्रश्न दूरदेशीचा वाटण्याचे दिवस १९९८ मध्ये संपले. मे महिन्यातील पोखरण अणुचाचण्यांनंतर, जूनच्या आरंभी, ‘मिलवर्म’ या नावाने वावरणाऱ्या काही परदेशी किशोरवयीन मुलांनी तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सर्व्हरांत प्रवेश मिळवला, केंद्राचे संकेतस्थळ विद्रूप केले आणि शास्त्रज्ञांचा ई-पत्रव्यवहार हस्तगत केल्याचा दावा केला. वृत्तपत्रांनी घटनेकडे अणुशस्त्रांच्या राजकारणाच्या अंगाने पाहिले. अभ्यासकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची बाब अशी की, हे काम करणारे कोणत्याही राष्ट्राचे हेर नव्हते. निरनिराळ्या देशांत घरी बसलेल्या शाळकरी वयाच्या मुलांना ते साधले.

यानंतर माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मध्ये आला आणि जानेवारी २००४ मध्ये सर्ट-इन ही राष्ट्रीय यंत्रणा कार्यान्वित झाली. २००८ च्या दुरुस्तीने तिला वैधानिक स्थान दिले. २८ एप्रिल २०२२ रोजी या संस्थेने काढलेल्या निर्देशांनुसार सुरक्षाभंगाची माहिती सहा तासांच्या आत कळवणे, नोंदी १८० दिवस जपणे आणि संगणकांची घड्याळे राष्ट्रीय कालमापनाशी जुळती ठेवणे बंधनकारक झाले. ज्या वेधशाळेत स्पंदक ताऱ्यांच्या ठोक्यांची वेळ मायक्रोसेकंदांत मोजतात, तेथे घड्याळ जुळते ठेवण्याची आज्ञा किंचित गमतीची वाटेल. पण घुसखोरीचा माग काढताना दोन यंत्रांच्या नोंदींतील वेळ जुळत नसेल तर घटनाक्रमच उभा राहत नाही, हे स्टॉल यांच्या अनुभवावरूनही स्पष्ट होते.

सीडीचा काळ आणि भारनियमन

लिनक्सचा जन्म १९९१ चा. भारतातील सर्वसामान्य वापरकर्त्यापर्यंत तो पोहोचला तो प्रामुख्याने मासिकांबरोबर मिळणाऱ्या सीडींमुळे. ‘पीसीक्वेस्ट’ने १९९६ पासून अशा सीडी वाटल्या आणि २००३ मध्ये ‘लिनक्स फॉर यू’ हे केवळ या विषयाला वाहिलेले मासिक निघाले. २००५ ते २०११ या काळात उबुंटूच्या सीडी टपालाने विनामूल्य घरपोच मिळत. जेथे इंटरनेट म्हणजे दूरध्वनीवरून तासाच्या हिशेबाने घेण्याची वस्तू होती, तेथे या सीडींनी केलेले काम मोलाचे आहे. मात्र सीडी हा गोठलेला क्षण असतो. ज्या दिवशी ती छापली जाते त्या दिवसानंतर उघडकीस आलेली प्रत्येक उणीव तिच्यात कायम राहते. २००१ च्या जानेवारीत रेड हॅटच्या जुन्या आवृत्त्यांवर पसरलेला ‘रामेन’ कृमी व २००२ च्या सप्टेंबरमधील ‘स्लॅपर’ हे दोन्ही, ज्यांची दुरुस्ती आधीच प्रसिद्ध झाली होती अशा उणिवांवर जगले. दुरुस्ती उपलब्ध असणे आणि ती यंत्रावर चढलेली असणे यांतील अंतर हाच या विषयाच्या इतिहासाचा खरा गाभा होय.

हे अंतर कमी करण्याचे श्रेय पॅकेज-व्यवस्थेला द्यावे लागेल. डेबियन या स्वयंसेवी वितरणाने १९९९ च्या आवृत्तीपासून एपीटी हे साधन सर्वांना उपलब्ध करून दिले. कोणता भाग कोणत्या भागावर अवलंबून आहे याचा हिशेब हे साधन स्वतः ठेवते आणि एका आज्ञेसरशी संपूर्ण यंत्र अद्ययावत करते. २००७ च्या आवृत्तीपासून भांडाराच्या सूचीवर अंकीय स्वाक्षरी तपासण्याची सोय आली. त्यामुळे पॅकेज कोणत्या आरसा-सर्व्हरवरून आणले याला महत्त्व उरले नाही. स्वाक्षरी खरी असली म्हणजे पुरे. जुनीच सूची दाखवून दुरुस्ती दडवण्याचा डाव कोणी खेळू नये म्हणून पुढे सूचीवर वैधतेची मुदतही लिहिली जाऊ लागली. औषधाच्या बाटलीवरील तारखेसारखीच ही योजना आहे.

ग्रामीण महाराष्ट्रात मात्र एका अनपेक्षित घटकाने यात खोडा घातला. इसवी सन २००५ नंतरची काही वर्षे भारनियमनाची होती आणि ग्रामीण भागात दिवसातून कित्येक तास वीज नसे. पॅकेज उलगडून त्याची मांडणी होत असतानाच वीज गेली, तर प्रणाली अर्धवट अवस्थेत राहते. काही भाग नवे, काही जुने आणि दोहोंचा मेळ नाही. डेबियनमध्ये अशी अर्धवट मांडणी पुढे नेण्याची आज्ञा आहे व बहुतेक वेळा ती यशस्वीही होते. पण ज्या प्रयोगशाळा-साहाय्यकाने एकदा असा संगणक सुरूच न होताना पाहिला, तो पुन्हा अद्ययावतीकरणाच्या वाटेला जाईलच असे नाही. ‘चालू आहे त्याला हात लावू नका’ हे धोरण आळसातूनच जन्मते असे समजणे अन्यायाचे होईल. कित्येकदा ते अनुभवातून आलेले शहाणपण असते, फक्त त्याची किंमत नंतर चुकवावी लागते.

जोडणी नसलेल्या यंत्रांसाठी एक उपाय भारतातच घडला. डेबियनचे भारतीय विकासक रितेश राज सराफ यांनी तयार केलेले एपीटी-ऑफलाइन हे साधन जाळ्याबाहेरच्या संगणकाकडून त्याला काय हवे आहे याची यादी एका लहान फाइलमध्ये लिहून घेते. ती फाइल पेन ड्राइव्हवरून जोडणी असलेल्या कोणत्याही संगणकाकडे नेता येते. तेथे पॅकेजे उतरवून ती परत आणली की मूळ यंत्र त्यांची पडताळणी करून ती बसवते. मॉरिसच्या कृमीच्या वेळी तुटलेल्या यंत्रांची जी अडचण झाली तिचे हे साधेसुधे उत्तर आहे. आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील, भीमाशंकरच्या बाजूच्या डोंगराळ गावांतील शाळेचा संगणक आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी मंचर किंवा घोडेगावहून अद्ययावत होऊ शकतो. त्यासाठी लागतो तो पेन ड्राइव्ह आणि नेणारा माणूस.

वेधशाळेचा पेच

संशोधन संस्थेपुढील अडचण याहून निराळी असते. तेथे जोडणी असते, वीज असते, जाणकार माणसेही असतात. परंतु यंत्र थांबवता येत नाही. खोडद येथे वर्षातून दोन निरीक्षण-चक्रे असतात आणि निरीक्षणाचा वेळ प्रस्तावांची छाननी करून वाटला जातो. मिळालेल्या तासांत आकाशातील स्रोत जेथे असायचा तेथेच असतो, तो कर्नेल बदलून होईपर्यंत थांबत नाही. अशा कोणत्याही वेधशाळेत अंकीकरण करणाऱ्या कार्डांचे किंवा ग्राफिक्स प्रक्रियकांचे चालक-कार्यक्रम कर्नेलच्या विशिष्ट आवृत्तीशी बांधलेले असतात. कर्नेल बदलला की चालक पुन्हा घडवावा लागतो, आणि कार्ड पुरवणाऱ्या कंपनीने तो सांभाळणे सोडले असेल तर मार्गच खुंटतो. चालू कर्नेलमध्ये यंत्र न थांबवता दुरुस्ती घालण्याची सोय एप्रिल २०१५ मधील लिनक्स ४.० पासून मूळ कर्नेलमध्ये आली खरी, पण ती मर्यादित स्वरूपाच्या दुरुस्त्यांपुरतीच उपयोगी पडते.

दुसरी अडचण विश्लेषणाच्या कार्यक्रमांची आहे आणि ती अधिक खोल आहे. खोडदची मूळ निरीक्षणे एलटीए नावाच्या स्वतंत्र स्वरूपात साठवली जात. ती सर्वमान्य फिट्स स्वरूपात आणण्यासाठी लिस्टस्कॅन व जीव्हीफिट्स हे कार्यक्रम वापरतात. पुढील विश्लेषण दीर्घकाळ एप्स या प्रणालीवर झाले. तिचा आरंभ अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या अखेरीस झाला होता. ह्यूब इंटेमा यांनी एप्सभोवती पायथनमध्ये रचलेली स्पॅम ही कार्यपद्धती खोडदच्या निरीक्षणांसाठी विशेष उपकारक ठरली. २०१० ते २०१२ या काळात घेतलेल्या निरीक्षणांवर ती वापरून २०१७ मध्ये १५० मेगाहर्ट्झचा विस्तृत आकाशनकाशा प्रसिद्ध झाला व त्यात सहा लाखांहून अधिक रेडिओ स्रोतांची नोंद झाली. ही कार्यपद्धती पायथनच्या दुसऱ्या पिढीवर उभी होती आणि त्या पिढीचा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. त्यानंतर तीत सापडणाऱ्या उणिवा मूळ विकासकांकडून बुजवल्या जाणार नव्हत्या.

येथे विज्ञानाची दोन मूल्ये एकमेकांसमोर उभी ठाकतात. जुना निष्कर्ष पुन्हा पडताळता यावा, यासाठी जुना कार्यक्रम जसाच्या तसा चालला पाहिजे. तर सामायिक यंत्र सुरक्षित राहावे, यासाठी जुना कार्यक्रम जसाच्या तसा राहता कामा नये. यातून काढलेली वाट म्हणजे ‘कंटेनर’. बाहेरची प्रणाली अद्ययावत ठेवायची आणि जुना कार्यक्रम त्याच्या जुन्या साहित्यासह आत बंद डब्यात चालवायचा. ही वाट उपयुक्त असली तरी डब्यातील जुने साहित्य जुनेच राहते. त्याचा जाळ्याशी थेट संबंध येणार नाही एवढी खबरदारी घेतली तरच ती निर्धोक ठरते. नव्या पिढीची कासा ही प्रणाली आणि तिच्यावर रचलेली, खोडदच्या निरीक्षणांसाठी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेली कॅप्चर ही कार्यपद्धती हा दुसरा, अधिक टिकाऊ मार्ग होय. मात्र त्यासाठी नव्याने लिहिण्याचे व पडताळण्याचे श्रम घ्यावे लागतात, आणि त्या श्रमांची गणना संशोधनाच्या मूल्यमापनात अभावानेच होते.

कोणते वितरण निवडावे हा प्रश्नही वरकरणी दिसतो तितका साधा नाही. रेड हॅट लिनक्स ९ मार्च २००३ मध्ये आले आणि ३० एप्रिल २००४ रोजी त्याची दुरुस्ती थांबली. जेमतेम तेरा महिन्यांचे हे आयुष्य संशोधन संस्थांना परवडणारे नव्हते. त्यामुळे २००४ मध्ये फर्मीलॅब व सर्न यांच्या पुढाकाराने सायंटिफिक लिनक्स आणि स्वयंसेवकांकडून सेंटओएस अशी दीर्घायुषी वितरणे पुढे आली. त्यांची पद्धत अशी की, आवृत्ती जुनीच ठेवायची आणि केवळ सुरक्षा-दुरुस्ती मागे नेऊन तीत बसवायची. आवृत्ती-क्रमांक बदलत नसल्यामुळे केवळ क्रमांक पाहून तपासणी करणारा लेखापरीक्षक अशा यंत्राला असुरक्षित ठरवतो, असा विनोदी प्रकारही त्यातून घडतो. ८ डिसेंबर २०२० रोजी सेंटओएस ८ चा आधार २०२९ ऐवजी २०२१ अखेर संपेल असे जाहीर झाले, तेव्हा दहा वर्षांच्या भरवशावर आखलेली नियोजने एका दिवसात कोलमडली. अल्मालिनक्स व रॉकी लिनक्स ही वितरणे त्यातूनच जन्मास आली. ३० जून २०२४ रोजी सेंटओएस ७ व सायंटिफिक लिनक्स ७ या दोहोंची मुदत संपली.

दुरुस्तीच जेव्हा बाधते

अद्ययावतीकरणाच्या समर्थकांनी ज्या घटनांची चर्चा मोकळेपणाने करावयास हवी, त्यांतील पहिली डेबियनचीच आहे. २००६ मध्ये ओपनएसएसएलमधील एक ओळ निरुपद्रवी समजून वगळण्यात आली आणि त्यामुळे यादृच्छिक संख्या निर्माण करण्याची क्षमता जवळजवळ नष्ट झाली. एका प्रकारच्या किल्ल्यांचे केवळ ३२ हजारांच्या आसपास पर्याय शिल्लक राहिले. ही बाब १३ मे २००८ रोजी, म्हणजे सुमारे वीस महिन्यांनी जाहीर झाली. या प्रकरणी दुरुस्ती बसवूनही भागले नाही. त्या काळात घडवलेली प्रत्येक किल्ली शोधून बदलावी लागली. २०१४ च्या एप्रिलमधील हार्टब्लीड ही उणीव ओपनएसएसएलच्या २०१२ मधील नव्या शाखेत होती. त्याआधीच्या जुन्या शाखेवर राहिलेले तीतून सुटले.

मार्च २०२४ मधील एक्सझेड प्रकरण याहून गंभीर म्हणावे लागेल. दोन-तीन वर्षे विश्वास संपादन करून एका टोपणनावाच्या व्यक्तीने दाब-संकोचाच्या या लहानशा कार्यक्रमात चोरदार बसवले. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ प्रवेशास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत असल्याचे जाणवले आणि त्यातून २९ मार्च रोजी ते उघडकीस आले. ७५ सेंट आणि अर्धा सेकंद. अडतीस वर्षांच्या अंतराने घडलेल्या या दोन्ही शोधांमागे क्षुल्लक तफावत दुर्लक्षू न देणारी एकच वृत्ती आहे. डेबियनची स्थिर आवृत्ती एक्सझेडच्या प्रकरणात बाधित झाली नाही, कारण नवे साहित्य तेथे लगेच जात नाही. यावरून ‘थांबणे बरे’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो अपुरा आहे. स्थिर आवृत्ती नव्या वैशिष्ट्यांसाठी थांबते, सुरक्षा-दुरुस्तीसाठी थांबत नाही. हा भेद न करता एकंदर अद्ययावतीकरणच बंद ठेवणाऱ्या यंत्रावर सप्टेंबर २०१४ मधील शेलशॉक ही मुळात १९८९ पासूनची उणीव किंवा ऑक्टोबर २०१६ मध्ये बुजवलेली डर्टी काऊ ही कर्नेलमधील नऊ वर्षांची जुनी उणीव तशीच राहते. डर्टी काऊचे वैशिष्ट्य असे की, यंत्रावर साधे खाते असलेल्या कोणालाही ती सर्वाधिकार मिळवून देत असे. प्रयोगशाळेतील प्रत्येक विद्यार्थ्याकडे असे खाते असते.

वेधशाळेची बाजू, महाविद्यालयाची बाजू

२९ ऑक्टोबर २०२२ रोजी चिलीतील आल्मा या रेडिओ वेधशाळेवर सायबर हल्ला झाला. अँटेना व संग्रहित माहिती सुरक्षित राहिली, पण निरीक्षणे थांबली ती डिसेंबरच्या उत्तरार्धापर्यंत. २०२३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या नॉयरलॅबच्या हवाई येथील जेमिनी दुर्बिणीच्या यंत्रणेबाबत असाच प्रसंग उद्भवला व खबरदारी म्हणून चिलीतील काही दुर्बिणीही बंद ठेवाव्या लागल्या. मे २०२० मध्ये युरोपातील अनेक महासंगणक बंद करावे लागले. तेथील मार्ग वेगळा होता. भागीदार विद्यापीठांतील वापरकर्त्यांची चोरलेली प्रवेश-साधने वापरून घुसखोर आत आले होते. महासंगणकाचा दरवाजा भक्कम होता, पण किल्ली दुसऱ्याच संस्थेतील दुर्लक्षित यंत्रावरून गेलेली होती.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने हा मुद्दा सर्वाधिक महत्त्वाचा आहे. खोडदची निरीक्षणे ठरावीक काळानंतर सर्वांसाठी खुली होतात आणि भौतिकशास्त्राचा कोणताही विद्यार्थी ती मागवून त्यावर काम करू शकतो. हे खुलेपण टिकवायचे, तर त्यामागचा विश्वास टिकला पाहिजे. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने परिसरातील शाळा-महाविद्यालयांचे विद्यार्थी खोडदला मोठ्या संख्येने येतात. भौगोलिकदृष्ट्या जवळचे हे विद्यार्थी माहितीच्या वाटेनेही वेधशाळेजवळ यावेत ही अपेक्षा रास्त आहे. मात्र जुन्नर, मंचर वा घोडेगाव येथील प्रयोगशाळेतला संगणक त्या वाटेवरचा कच्चा दुवा ठरल्यास संशोधन संस्थांपुढे दारे अधिकाधिक बंद करण्यावाचून पर्याय उरणार नाही आणि त्याचा पहिला फटका दूरच्या प्रतिष्ठित विद्यापीठांना न बसता जवळच्याच लहान महाविद्यालयांना बसेल.

संगणक-खरेदीसाठी अनुदान मिळते, देखभालीचा वार्षिक करारही बहुधा होतो. परंतु अशा करारांत पंखा, वीजपुरवठा व कळफलक यांचा उल्लेख जितका हमखास आढळतो, तितका कार्यकारी प्रणालीच्या सुरक्षा-दुरुस्तीचा आढळत नाही. हे काम कोणाचे, याची नोंद कोठेही नसल्यामुळे ते कोणाचेच राहत नाही. वस्तुतः त्यासाठी लागणारे ज्ञान दुर्मीळ राहिलेले नाही. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पातील लिनक्सचे पाठ मराठीतूनही उपलब्ध आहेत. लागतो तो वेळ, आणि वेळापत्रकात त्याला दिलेली जागा. प्रत्येक वितरणाची मुदत आधीच जाहीर होत असल्यामुळे ही जागा ठरवणे कठीण नाही. उबुंटू २०.०४ ची सर्वसाधारण मुदत २०२५ च्या मे अखेरीस संपली. २२.०४ ची एप्रिल २०२७ मध्ये संपते. एप्रिल हा परीक्षांचा हंगाम असल्याने त्या प्रयोगशाळांचे स्थलांतर २०२६ च्या दिवाळीच्या सुटीतच उरकावे लागेल, आणि त्यासाठी लागणाऱ्या पेन ड्राइव्हची मागणी त्याआधीच्या प्रथम सत्रात नोंदवावी लागेल.